साठलेल्या प्लास्टिक पिशव्या: घरात पुन्हा कशा वापराव्यात आणि हस्तकलेसाठी कोणत्या निवडाव्यात?

आवराआवर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरातील कपाटाचा एक अख्खा कप्पा गेल्या काही वर्षांत जमा झालेल्या खरेदीच्या प्लास्टिक पिशव्यांनी भरला आहे. आता आम्ही खरेदीला कापडी पिशव्या घेऊन जातो, त्यामुळे या साठ्यात फारशी नवी भर पडत नाही. परंतु आहे ते कचऱ्यात टाकून देणे मनाला पटत नाही आणि तसेच ठेवून देणे म्हणजे निर्णय पुढे ढकलणे आहे, हेही कळते. साठ्यात सर्व प्रकार आहेत: हात लावताच कुरकुरणाऱ्या पातळ पिशव्या, जाड आणि चकचकीत पिशव्या, कापडासारख्या दिसणाऱ्या परंतु कापड नसलेल्या पिशव्या, आणि उलगडता उलगडताच ज्यांचे कपटे पडतात अशाही काही.

घरात या पिशव्यांचा असा कोणता उपयोग आहे, ज्यामुळे एखादी दुसरी वस्तू विकत आणणे खरोखर टळेल? विणकामासाठी आणि शिवणकामासाठी यांतील कोणत्या पिशव्या योग्य असतात? पिशव्यांचे थर इस्त्रीने एकमेकांना चिकटवून त्यांचे जाड कापड तयार करतात, असे मी पाहिले आहे. ते घरात करणे सुरक्षित आहे का? आणि मला सर्वांत अधिक अस्वस्थ करणारा प्रश्न असा, की पिशवीची शोभेची वस्तू केली आणि तीही वर्षभरात कचऱ्यात गेली, तर आपण नेमके काय साधले? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे किंवा ज्यांना या पदार्थाची माहिती आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

घरव्यवस्था

सर्वप्रथम सगळ्या पिशव्या बाहेर काढून त्यांची निवड करा, कारण न निवडलेल्या ढिगातून कोणीही पिशवी शोधून वापरत नाही. प्रत्येक पिशवी दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहावी. कपटे पडणाऱ्या, चिकट झालेल्या किंवा वास येणाऱ्या पिशव्या बाजूला काढाव्यात. उरलेल्या पातळ, जाड आणि कापडासारख्या अशा तीन गटांत ठेवाव्यात. मळलेल्या पिशव्या साबणाच्या पाण्याने धुऊन, उलट्या करून, सावलीत पूर्ण कोरड्या होऊ द्याव्यात. घडीत थोडी जरी ओल राहिली तरी बुरशी धरते आणि मग शेजारच्या पिशव्यांनाही तो वास लागतो.

पिशवीचा सर्वांत चांगला पुनर्वापर पिशवी म्हणूनच होतो. धडधाकट पिशवीची लहान घडी करून ती रोजच्या थैलीत, गाडीत आणि दाराजवळ ठेवली, तर अवचित खरेदीच्या वेळी नवी पिशवी घ्यावी लागत नाही. त्यानंतर कचऱ्याच्या डब्याचे अस्तर हा उपयोग येतो आणि तो मी मुद्दाम वरच्या क्रमांकावर ठेवते, कारण त्यामुळे केवळ कचऱ्यात जाण्यासाठी तयार केलेली पिशवी विकत आणणे टळते. पिशवीत हवा भरून, तोंड घट्ट धरून हलकेच दाबले की भोक आहे का ते लगेच कळते. भोक नसलेल्या पिशव्या अस्तरासाठी ठेवाव्यात आणि भोके असलेल्या सामान बांधताना भरण म्हणून वापराव्यात. खत करण्यासाठी वेगळा ठेवलेला ओला कचरा मात्र या पिशव्यांत कधीही घालू नये. त्या कुजत नाहीत आणि त्यांचे तुकडे खतातून मातीत जातात.

या पिशव्यांचा एक गुण नीट लक्षात घेतला की इतर उपयोग आपोआप सुचतात: त्यांच्यातून पाण्याची वाफ सहज बाहेर पडत नाही. भिंतीला रंगाचा एक हात देऊन झाल्यावर दुसरा हात दुसऱ्या दिवशी द्यायचा असेल, तर ब्रश किंवा रोलर पिशवीत गुंडाळून, आतील हवा काढून, मुठीजवळ घट्ट बांधून ठेवावा. रंग वाळत नाही आणि मध्ये ब्रश धुण्याची गरज राहत नाही. छाट कलमे लावली असतील तर कुंडीत दोन-तीन काड्या खोचून वरून पिशवी घालावी, म्हणजे मुळे फुटेपर्यंत आतील दमटपणा टिकतो. तेथे थेट ऊन नसावे, अन्यथा आत उष्णता कोंडून रोपे करपतात, आणि थोडी हवा खेळावी म्हणून पिशवी अधूनमधून उघडावी. प्रवासात ओले कपडे वेगळे ठेवणे, बुटांचे तळवे गुंडाळणे, पावसात सायकलची बैठक झाकणे हे उपयोग सर्वांना माहीत आहेत.

याच गुणामुळे काही ठिकाणी पिशवी नुकसान करते. चामड्याची पादत्राणे, लोकरीचे आणि रेशमी कपडे, छायाचित्रे, जुनी कागदपत्रे या वस्तू प्लास्टिक पिशवीत बांधून महिनोन्महिने ठेवू नयेत. आत अडकलेली ओल बाहेर जात नाही आणि वस्तू खराब होते. त्यांच्यासाठी सुती कापड योग्य आहे.

साठवणुकीसाठी पिशवी सपाट करून, उभी दुमडून तिची लांब पट्टी करावी आणि एका टोकापासून त्रिकोणी घड्या घालत जाऊन शेवटचा बंद आत खोचावा. अशा घड्या एका लहान डब्यात मावतील तेवढ्याच ठेवाव्यात. डबा भरला की त्यापुढील पिशव्या इतर कामांकडे वळवाव्यात.

बहुवारिक

प्रश्नात वर्णन केलेले प्रकार वेगवेगळ्या पदार्थांचे आहेत, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. कुरकुरणारी पातळ पिशवी बहुधा उच्च घनतेच्या पॉलिथिलीन या प्लास्टिकची असते आणि तिच्यावर त्रिकोणात २ हा प्लास्टिकचा प्रकार सांगणारा अंक असतो. मऊ, ताणली जाणारी, चकचकीत पिशवी कमी घनतेच्या पॉलिथिलीनची असते आणि तिच्यावर ४ हा अंक असतो. कापडासारखी दिसणारी पिशवी पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकच्या तंतूंची असून तिचा अंक ५ आहे. ती विणलेली नसते, तर तंतू उष्णतेने एकमेकांना जोडून तयार केलेली असते.

दोन बंद असलेल्या या पातळ पिशवीची रचना स्वीडनमधील अभियंते स्टेन गुस्ताफ थुलिन यांची आहे. सेलोप्लास्ट या कंपनीला तिचे अमेरिकेतील पेटंट १९६५ मध्ये मिळाले. थुलिन यांच्या मुलाने पुढे सांगितले आहे की, कागदी पिशव्यांसाठी झाडे तुटू नयेत हा वडिलांचा हेतू होता आणि ते स्वतः घडी केलेली पिशवी खिशात ठेवून पुन्हा पुन्हा वापरत असत. वर घरव्यवस्था यांनी जो पहिला उपयोग सांगितला आहे, तोच मूळ कल्पनेच्या सर्वांत जवळचा आहे.

अंक छापलेला नसेल तर एक साधी परीक्षा करता येते. पिशवीचा लहान तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून, त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटांनी पुसून सोडून द्यावा. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वर येतात. पीव्हीसी हे क्लोरीन असलेले प्लास्टिक जड असल्यामुळे बुडते. खडूची भुकटी जास्त मिसळलेले पॉलिथिलीनही कधी कधी बुडते, परंतु बुडणारा तुकडा उष्णतेच्या कामासाठी घ्यायचाच नाही, एवढा नियम पाळला तर पुरेसे आहे.

ज्या पिशव्यांचे कपटे पडत आहेत त्या उन्हात राहिलेल्या असतील, किंवा ठरावीक काळानंतर तुकडे व्हावेत म्हणून त्यांत मुद्दाम काही मिसळलेले असेल. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे पॉलिथिलीनच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात आणि पदार्थ ठिसूळ होतो. तो नाहीसा होत नाही, त्याचे फक्त बारीक तुकडे होतात. म्हणून गच्चीवर किंवा बागेत कायम उन्हात राहणारी कोणतीही वस्तू या पिशव्यांपासून करू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. खत होणाऱ्या म्हणून दिल्या जाणाऱ्या, स्टार्चमिश्रित पिशव्याही हस्तकलेला अयोग्य आहेत, कारण त्या टिकण्यासाठी केलेल्याच नसतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत काही गोष्टींना अपवाद नाही. पातळ पिशवी बालकाच्या नाकातोंडाला चिकटून बसते आणि जीव गुदमरतो, म्हणून साठा मुलांच्या हाती लागेल अशा जागी ठेवू नये. रंगीत आणि छापील पिशव्यांत उघडे अन्न ठेवू नये, पिशवी उलटी करूनही नाही, कारण मग शाईची बाजू अन्नाला लागते. कच्चे मांस किंवा मासे आणलेली पिशवी पुढे फक्त कचऱ्यासाठी वापरावी. पिशव्या जाळणे तर पूर्णपणे टाळावे. पॉलिथिलीन पेटल्यावर वितळून जळते थेंब टाकते, धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्या ढिगात पीव्हीसी असेल तर हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू बाहेर पडतो.

विणकर

मी गेली अनेक वर्षे पिशव्यांच्या पट्ट्यांपासून क्रोशाचे काम करते, त्यामुळे त्या भागाचे उत्तर देते. क्रोशासाठी पातळ, कुरकुरीत पिशवी सर्वांत चांगली. तिची पट्टी सुईवर सहज सरकते आणि वीण एकसारखी बसते. जाड पिशव्यांची पट्टी हाताला जड जाते. त्या शिवणकामासाठी राखून ठेवाव्यात. कापडासारख्या पिशव्यांची दोरी करण्याच्या फंदात पडू नये, कारण पट्टी ताणताच तंतू सुटतात. त्यांचे बंद पुन्हा शिवून त्या पिशव्या म्हणूनच वापराव्यात.

दोरी करण्याची पद्धत अशी. पिशवी टेबलावर पूर्ण सपाट पसरून तिच्या बाजूच्या घड्या जुळवून घ्याव्यात. खालची चिकटवलेली कड आणि वरचे बंद कापून टाकावेत, म्हणजे मध्ये एक नळी उरते. ही नळी उभी दुमडत तिची अरुंद पट्टी करावी आणि आडवे काप देत जावे; प्रत्येक कापाबरोबर एक अखंड गोल कडे मिळते. पातळ पिशवीसाठी कापाची रुंदी तीन ते चार सेंटिमीटर ठेवावी, थोड्या जाड पिशवीसाठी दोन. पहिल्या कड्यातून दुसरे कडे अर्धे बाहेर काढून ते स्वतःच्याच फासातून ओवून घ्यावे आणि सावकाश ओढावे. गाठ बारीक बसते आणि दुहेरी दोरी तयार होते. झटका देऊन ओढले तर गाठीजवळची पट्टी ताणून पातळ होते आणि पुढे नेमकी तेथेच तुटते.

गाठी नको असतील तर नळी एका बाजूने काही सेंटिमीटर सोडून कापावी आणि न कापलेल्या भागावर तिरके काप देऊन सर्व कडी एका सलग पट्टीत आणावीत. ही पट्टी एकेरी आणि गुळगुळीत असते, परंतु कमी ताकदीची असते. बारीक कामाला ती शोभून दिसते.

दोरी झाल्यावर तिचा सैलसर गुंडा करावा. घट्ट गुंडाळल्यास दोरी ताणलेल्या अवस्थेत विणली जाते आणि काम सुईवरून उतरवल्यावर आक्रसते. क्रोशाची सुई ६ ते १० मिलिमीटरची घ्यावी. साखळी आणि मुका खांब एवढे दोनच टाके येत असले तरी पुरेसे आहे. लांब खांब घातल्यास वीण विरळ होते आणि थैलीत ठेवलेल्या लहान वस्तू बाहेर येतात. हात सैल ठेवावा. प्लास्टिकची पट्टी लोकरीसारखी परत येत नाही, त्यामुळे घट्ट विणणाऱ्याची बोटे आणि मनगटे लवकर दुखू लागतात. नव्याने शिकणाऱ्यांनी एका बैठकीत थोडेच विणावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मध्यम आकाराच्या थैलीला काही डझन पिशव्या लागतात, त्यामुळे आपला एक कप्पा एका थैलीत आणि एखाद्या बस्करात संपूही शकेल. जमिनीवर झोपण्याची पूर्ण लांबीची चटई करायची असेल, तर साधारण ५०० ते ७०० पिशव्या जमवाव्या लागतात. असे काम अनेक जण मिळून करतात आणि उघड्यावर झोपणाऱ्या लोकांना अशा चटया देतात. जमिनीतील ओल वर येत नाही, चटई हलकी असते आणि झटकली की स्वच्छ होते, त्यामुळे हा उपयोग मला मनापासून पटतो. विणता येत नसेल तर तीन पट्ट्यांची वेणी घालून ती गोलाकार गुंडाळत जाड दोऱ्याने शिवावी. पायपुसणे म्हणून ती उत्तम टिकते. हातमाग उपलब्ध असेल तर ताणा (उभे धागे) सुती दोऱ्याचा आणि बाणा (आडवे धागे) पिशवीच्या पट्टीचा ठेवावा. कापड मजबूत होते आणि त्याला शिवणही चांगली धरते.

या कामाने घर चालू शकते, याचे उदाहरण पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या देशातील न्जाऊ या गावी आहे. तेथे इसातू सीसे यांनी १९९७ मध्ये काही स्त्रियांना सोबत घेऊन गावात पडलेल्या पिशव्या गोळा करून धुण्याचे, वाळवण्याचे आणि त्यांच्या पट्ट्यांपासून क्रोशाने लहान बटवे विणण्याचे काम सुरू केले. त्या बटव्यांना मागणी आली आणि स्त्रियांच्या हाती स्वतःचे उत्पन्न आले. विकत घेणाऱ्याला ती वस्तू खरोखर वापरायची होती, हे मला त्यात महत्त्वाचे वाटते. म्हणून विणायला बसण्यापूर्वी ती वस्तू कोण वापरणार आहे, हे ठरवावे. नाव सांगता येत नसेल तर पिशवी न कापता तशीच ठेवलेली बरी, कारण कापलेल्या पिशवीचा दुसरा उपयोग उरत नाही.

आवराआवर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निवड करायला सुरुवात केली आहे आणि पाण्यातील परीक्षाही करून पाहत आहे. दोन शंका आहेत. जाड पिशव्या शिवायच्या असतील तर त्या गोंदाने आधी चिकटवून घ्याव्यात का? आणि इस्त्रीने थर जोडण्याच्या पद्धतीविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. ते करावे की करू नये?

बहुवारिक

गोंदाचा उपयोग होणार नाही. पॉलिथिलीनचा पृष्ठभाग असा असतो की त्यावर पाण्याचा थेंबही पसरत नाही, आणि घरातले सर्वसाधारण गोंद वाळल्यावर पापुद्रा होऊन सुटतात. हा पदार्थ गाठीने, शिवणीने किंवा उष्णतेने जोडायचा. शिवताना टाका तीन ते चार मिलिमीटर लांब ठेवावा. जवळजवळ टाके घातले तर सुईच्या भोकांची रांग तयार होऊन नेमके तिच्यावरच प्लास्टिक फाटते. टाचण्यांचे भोकही बुजत नाही, म्हणून चिमटे लावावेत. यंत्राचा दाबपाय प्लास्टिकला चिकटत असेल तर वर पातळ कागद ठेवून शिवावे आणि नंतर तो फाडून काढावा.

इस्त्रीचे काम करता येते, परंतु काळजी घेऊनच. कमी घनतेचे पॉलिथिलीन सुमारे ११० अंश सेल्सिअसला वितळते आणि उच्च घनतेचे सुमारे १३० अंशांना. इस्त्रीवरील एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश, दोन ठिपके म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २००. यावरून दिसते की एका ठिपक्यावर थर नीट जुळणार नाहीत आणि तीन ठिपक्यांवर भोके पडून धूर येईल. दोन ठिपक्यांच्या थोडे खालून सुरुवात करून एका कोपऱ्यावर अंदाज घ्यावा. वाफ बंद ठेवावी. एकाच प्रकारच्या पिशव्यांचे चार ते आठ थर घ्यावेत, कारण वेगवेगळे प्रकार वेगवेगळ्या तापमानाला आक्रसतात आणि कापड वेडेवाकडे होते. छापील बाजू आत ठेवावी. थरांच्या खाली आणि वर बेकिंगचा बटर पेपर असावा. मेणकागद चालत नाही, कारण त्याचे मेण वितळते. इस्त्री एका जागी न थांबवता काही सेकंद फिरवावी, मग उलट बाजूने तेच करावे, आणि कागद पूर्ण थंड झाल्यावरच सोलावा. गरम असताना सोलला तर वरचा थर कागदाबरोबर निघून येतो.

काम उघड्या खिडकीजवळ, शक्यतो पंखा बाहेरच्या दिशेने लावून करावे. तीव्र वास येऊ लागला किंवा धूर दिसला, तर तापमान जास्त झाले आहे असे समजून लगेच थांबावे. श्वसनाचा त्रास असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी त्या खोलीत थांबू नये. पाण्यात बुडालेल्या तुकड्याच्या पिशव्या येथे अजिबात घेऊ नयेत. तयार झालेले कापड पुस्तकाचे वेष्टन, साहित्य ठेवण्याची पाकिटे किंवा बागकामाच्या वेळचा अंगरखा यांसाठी चांगले आहे. गरम भांड्याखालचे आसन किंवा दिव्याची शेड मात्र या कापडाची कधीही करू नये.

मोजमाप

आवराआवर यांच्या शेवटच्या प्रश्नाला अजून थेट उत्तर मिळालेले नाही, म्हणून लिहीत आहे. ब्रिटनमधील पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये वेगवेगळ्या पिशव्यांच्या संपूर्ण जीवनकाळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा हवामानावरील परिणाम कमी व्हावा यासाठी कापसाची पिशवी किमान १३१ वेळा वापरावी लागते, असे त्यात आढळले. पातळ पिशवी प्रत्येक वेळी नंतर कचऱ्याच्या डब्याचे अस्तर म्हणून वापरली गेली असे धरले, तर हाच आकडा ३२७ होतो. त्याच अहवालात स्पष्ट म्हटले आहे की, अस्तर म्हणून केलेल्या पुनर्वापराचा लाभ पिशवीच्या पुनर्चक्रीकरणापेक्षा अधिक असतो. कॅलिफोर्नियातील पिशवीबंदीविषयी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचाही निष्कर्ष याच दिशेचा आहे: बंदीमुळे वाचलेल्या प्लास्टिकपैकी सुमारे २८.५ टक्के प्लास्टिक, लोकांनी कचऱ्यासाठी विकत घेतलेल्या पिशव्यांच्या रूपाने परत आले.

या आकड्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. वर दिलेले वापरांचे आकडे केवळ हवामानावरील परिणामाचे आहेत. वाऱ्याने उडून नाल्यात, नदीत आणि समुद्रात गेलेली पिशवी जे नुकसान करते, ते त्यांत मोजलेले नाही. परंतु आपल्या प्रश्नापुरते उत्तर त्यातून मिळते. जो पुनर्वापर एखादी नवी वस्तू तयार होणे टाळतो, त्याचाच लाभ मोजता येतो. पिशवी अस्तर झाली, तर एक नवी पिशवी कमी लागली. पिशवीचे कृत्रिम फूल झाले आणि त्यासाठी तार, चिकटपट्टी आणि रंग विकत आणला, तर प्लास्टिक कमी झाले नाही, उलट सामान वाढले. त्याच कारणाने हस्तकलेसाठी म्हणून नव्या पिशव्या मागून आणणे मला पूर्णपणे चुकीचे वाटते. आपल्याकडे कापडी पिशव्या आधीच आहेत, त्या फाटेपर्यंत वापराव्यात, आणि साठ्यातील चांगल्या पातळ पिशव्यांचा मोठा हिस्सा अस्तरासाठी ठेवावा.

विणकर

मोजमाप यांचे म्हणणे बहुतांशी मान्य आहे, परंतु एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. अस्तर झालेली पिशवी एका वापरानंतर कचऱ्यात जाते. घट्ट विणलेली थैली सावलीत राहिली आणि नीट वापरली, तर अनेक वर्षे खरेदीचे ओझे वाहते, आणि तेवढ्या काळात दुसरी थैली घ्यावी लागत नाही. तोही टळलेला खर्चच आहे, फक्त तो एका दिवसात दिसत नाही. भोके पडलेल्या पिशव्या तर अस्तराला चालतच नाहीत. भोकाचा भाग वगळून त्यांची दोरी करता येते. म्हणजे या दोन उपयोगांना एकच पिशवी हवी असते असे नाही.

तयार वस्तू धुण्याबद्दल सांगायचे राहिले होते. ती यंत्रात धुवू नये, कारण घासली जाऊन पट्ट्यांचे बारीक कण पाण्यात जातात. कोमट साबणाच्या पाण्यात हाताने दाबून धुवावी आणि सावलीत टांगावी. पट्टी पांढुरकी पडून बोटाखाली चुरडू लागली की वस्तूचे आयुष्य संपले असे समजावे. तुकडे पडेपर्यंत ती वापरत राहू नये.

आवराआवर

ठरवले आहे ते सांगते. भोके नसलेल्या पातळ पिशव्या अस्तरासाठी आणि थैलीतल्या घडीसाठी ठेवत आहे, भोके असलेल्यांची दोरी करून घरातील वडीलधाऱ्यांना बागेत काम करताना बसायला बस्कर विणणार आहे, आणि काम संपले की ते घरात आणून ठेवणार आहे. इस्त्रीचा प्रयोग सध्या करणार नाही, कारण घरात लहान मूल आहे. जाड पिशव्या शिवून बुटांसाठी प्रवासी आवरणे करेन. आता कपटे पडणाऱ्या पिशव्यांचे आणि कापताना उरणाऱ्या कडांचे काय करावे, एवढेच सांगावे.

घरव्यवस्था

कपटे पडणाऱ्या पिशव्या हलवाल तितक्या अधिक तुटतील, म्हणून त्या झटकू नका आणि धुऊही नका. एका चांगल्या पिशवीत हलक्या हाताने भरून, तोंड बांधून, पुनर्चक्रीकरण न होणाऱ्या कोरड्या कचऱ्यात द्या. कापताना उरलेल्या कडा आणि बंद स्वच्छ असतील तर ते बस्कराच्या आत भरण म्हणून घालता येतात. तेही नको असेल, तर मऊ प्लास्टिक वेगळे स्वीकारले जाते अशा ठिकाणी ते द्यावे, परंतु इतर डबे-बाटल्यांबरोबर मोकळे टाकू नये. वर्गीकरणाच्या यंत्रांत फिरणाऱ्या दांड्यांभोवती पातळ पिशव्या आणि पट्ट्या गुंडाळल्या जातात, मग यंत्र थांबवून कामगारांना आत उतरून त्या हाताने कापून काढाव्या लागतात. त्यामुळे जे द्यायचे ते कोरडे, स्वच्छ आणि एका पिशवीत दाबून भरून द्या, आणि लांब दोरीचे तुकडे उरले असतील तर ते आधी आखूड कापून घ्या.